वॉर्डातील विज्ञान : एका निवृत्त परिचारिकेच्या आठवणी

आज एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात डोकावून पाहिले, तर रुग्णाच्या उशाशी एक पडदा लुकलुकताना दिसतो. हृदयाचे ठोके, रक्तदाब, रक्तातील ऑक्सिजन, श्वासाची गती हे सारे आकडे त्यावर क्षणोक्षणी उमटत असतात. एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला, की यंत्र आवाज करून सर्वांना सावध करते.

१९६४ साली मी मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागले, तेव्हा आमच्या वॉर्डात यातले काहीच नव्हते. चाळीस खाटा होत्या. रात्रपाळीला एक स्टाफ नर्स आणि दोन विद्यार्थिनी असत. रक्तदाब मोजण्याचे पाऱ्याचे यंत्र सगळ्या वॉर्डात मिळून एक होते. बाकी आमची साधने म्हणजे थर्मामीटर, सेकंदकाट्याचे घड्याळ आणि स्वतःचे डोळे, बोटे, नाक, कान.

आम्हाला नियम मात्र शेकडो होते. घड्याळ मनगटावर बांधायचे नाही, छातीवर टाचायचे. बिछाने घालून झाल्यावर तासभर कोणतीही जखम उघडायची नाही. थर्मामीटर गरम पाण्याने धुवायचा नाही. आमच्या सिस्टर ट्यूटर शिस्तीच्या कडक होत्या. पण ‘असे का?’ विचारले, तर त्या कधी रागावत नसत. कारण न समजता पाळलेला नियम घाईच्या वेळी सर्वांत आधी सुटतो, असे त्या म्हणत. त्या नियमांमागे कोणते विज्ञान होते, ते आज पाहू. त्यांतले काही नियम काळाच्या कसोटीला उतरले, तर काही साफ चुकीचे ठरले. तीही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे.

तापाचा आलेख

ताप म्हणजे रोग नव्हे, रोगाचे लक्षण आहे, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. परंतु तापाला चढउताराची एक ठरावीक चाल असते, हे पद्धतशीरपणे दाखवून दिले ते जर्मनीतील लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांनी. सुमारे २५,००० रुग्णांच्या तापाच्या नोंदींवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १८६८ साली प्रसिद्ध झाला. त्या काळचे थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब असत आणि ताप घ्यायला वीस मिनिटे लागत. त्याच सुमारास इंग्लंडमधील डॉक्टर थॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंचांचा, पाच मिनिटांत ताप दाखवणारा थर्मामीटर तयार केला. तेव्हा कुठे तो परिचारिकेच्या खिशात मावू लागला.

पाऱ्याच्या थर्मामीटरची नळी फुग्याजवळ मुद्दाम अरुंद केलेली असते. ताप असताना पारा प्रसरण पावून त्या चिंचोळ्या जागेतून वर चढतो. पण थर्मामीटर बाहेर काढल्यावर पारा आकुंचन पावतो, तेव्हा तिथेच त्याची रेघ तुटते आणि वरचा पारा आहे तिथेच राहतो. म्हणून आकडा सावकाश वाचता येतो, आणि म्हणूनच पुन्हा वापरण्याआधी तो झटकावा लागतो. गरम पाण्याने धुतला, तर पाऱ्याला पसरायला जागा उरत नाही आणि काच फुटते. नियमाचे कारण हे असे साधे होते.

दर चार तासांनी आम्ही प्रत्येक रुग्णाचा ताप, नाडी आणि श्वसन मोजून खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या कागदावर बिंदू मांडत असू. तापाची रेघ निळी आणि नाडीची लाल. सर्वसाधारणपणे ताप एक अंश फॅरनहाइट वाढला, की नाडी मिनिटाला सुमारे दहा ठोक्यांनी वाढते. त्यामुळे दोन्ही रेघा बरोबरीने वर जातात आणि बरोबरीने खाली येतात. विषमज्वरात, म्हणजे टायफॉइडमध्ये मात्र पुष्कळदा एक विचित्र गोष्ट दिसते. ताप खूप असतो, पण त्या मानाने नाडी संथच राहते.

१९६६ सालच्या पावसाळ्यातली एक रात्र मला आजही स्पष्ट आठवते. मी शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होते. कोपऱ्यातल्या खाटेवर कोकणातून गिरणीत कामाला आलेला वीसेक वर्षांचा एक तरुण होता. विषमज्वराचा तिसरा आठवडा चालू होता. रात्री दहा वाजता त्याचा ताप १०३ अंश आणि नाडी ९२ होती. आता हिशेब करा : नेहमीचा ताप ९८.६ धरला, तर वाढ झाली ४.४ अंशांची. म्हणजे नाडी ४४ ठोक्यांनी वाढून ७२ ची ११६ व्हायला हवी होती. ती ९२ होती, म्हणजे विषमज्वराच्या रीतीला धरूनच होती.

रात्री दोन वाजता मी पुन्हा त्याच्यापाशी गेले. जवळ बसलेल्या त्याच्या थोरल्या भावाचा चेहरा खुलला होता. “सिस्टर, ताप उतरला बघा! अंग एकदम गार लागतंय.” थर्मामीटर ९९ दाखवत होता. मी मनगटावर बोटे ठेवली आणि पूर्ण मिनिटभर मोजले. नाडी १२८ होती. बारीक आणि दबकी. कागदावर बिंदू मांडले, तर निळी रेघ खाली कोसळली होती आणि लाल रेघ तिला छेदून वर गेली होती. त्याच्या कपाळावर थंड घाम होता. पोटाला हात लावताच त्याने तोंड वेडेवाकडे केले. पोट फळीसारखे ताठ लागत होते.

“दादा, तुम्ही जरा बाहेर बसा, मी डॉक्टरांना बोलावते,” एवढेच मी म्हणाले.

विषमज्वराचे जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण पाडतात. बहुधा तिसऱ्या आठवड्यात असा एखादा व्रण फुटून आतड्याला छिद्र पडू शकते. आतड्यातील घाण पोटाच्या पोकळीत पसरते आणि शरीराला जबरदस्त धक्का बसतो. रक्तदाब उतरतो, शरीर थंड पडते आणि हृदय मात्र ते भरून काढण्यासाठी वेगाने धडधडू लागते. म्हणजे ज्याला भाऊ ‘उतार’ समजला, तो खरे तर सर्वांत मोठा धोका होता. नुसता ताप पाहिला असता, तर कोणीही फसले असते. दोन रेघा एकत्र पाहिल्या, म्हणूनच खरी गोष्ट कळली. डॉक्टर धावत आले. पहाटे चारला शस्त्रक्रिया झाली आणि मसुराच्या दाण्याएवढे छिद्र शिवण्यात आले. तो तरुण महिन्याभराने स्वतःच्या पायांनी चालत घरी गेला.

आज पाऱ्याच्या विषारीपणामुळे तसे थर्मामीटर वापरातून जात आहेत. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला. त्यांची जागा अंकीय थर्मामीटर घेत आहेत. साधन बदलले, पण एका आकड्यावर विसंबू नये, हा धडा तोच आहे.

उकळते पाणी आणि दाबाखालची वाफ

आता इंजेक्शनच्या सिरिंजचे पाहा. तुम्ही पाहता ती प्लॅस्टिकची सिरिंज एकदाच वापरून टाकून देतात. आमच्या सिरिंज काचेच्या होत्या आणि त्या पुन्हा पुन्हा वापराव्या लागत. वापर झाला, की नळी आणि दट्ट्या वेगळे करायचे, थंड पाण्याने धुवायचे, गॉझमध्ये गुंडाळायचे आणि थंड पाण्यातच ठेवून मग उकळायला लावायचे. थेट उकळत्या पाण्यात टाकले, तर काचेचा बाहेरचा थर आधी प्रसरण पावतो, आतला मागे राहतो आणि काच तडकते. सुयासुद्धा पुन्हा वापरल्या जात. दुपारी काम थोडे हलके झाले, की आम्ही दगडावर सुयांना धार लावत बसत असू. टोक कापसावरून ओढून पाहायचे. कापसाचा तंतू अडकला, तर टोक वाकलेले आहे असे समजायचे.

परंतु उकळण्याने सर्व जंतू मरतात का? नाही. धनुर्वातासारख्या काही रोगांचे जंतू प्रतिकूल परिस्थितीत स्वतःभोवती जाड कवच तयार करतात. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. काही बीजाणू १०० अंश सेल्सियसच्या पाण्यात बराच वेळ टिकाव धरतात. पाणी कितीही खळखळा उकळले, तरी उघड्या भांड्यात त्याचे तापमान त्यापुढे जात नाही. म्हणून शस्त्रक्रियेची हत्यारे आणि पट्ट्या ऑटोक्लेव्हमध्ये घालत. हे यंत्र पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी १८७९ साली तयार केले. तुमच्या स्वयंपाकघरातला कुकर हा त्याचाच भाऊबंद. वातावरणाच्या दाबापेक्षा दर चौरस इंचाला पंधरा पौंड जास्त दाब असला, की वाफेचे तापमान १२१ अंश होते. अशी वाफ गार वस्तूवर पाणी होऊन बसते, तेव्हा आपली सुप्त उष्णता तिला देऊन टाकते. पंधरा-वीस मिनिटांत बीजाणूही नष्ट होतात.

पट्ट्या पत्र्याच्या गोल ड्रममध्ये भरत. ड्रमच्या कडेला भोके असत आणि त्यांवर सरकती पट्टी असे. आत जाताना भोके उघडी, बाहेर काढताच बंद. एखाद्या विद्यार्थिनीने ती आधी उघडली नाहीत, तर वाफ आत शिरणार नाही. नंतर बंद केली नाहीत, तर हवेतील जंतू आत शिरतील. चाळीस रुग्णांच्या जखमा त्या एका पट्टीवर अवलंबून असत.

बिछाने आणि जखमा यांच्यातल्या तासाभराच्या अंतराचेही कारण हेच. चादर झटकली, की त्वचेचे सूक्ष्म कण आणि त्यांना चिकटलेले जंतू हवेत उडतात. ते खाली बसायला वेळ द्यावा लागतो. आणि घड्याळ छातीवर का? मनगटावरच्या पट्ट्याखाली मळ साचतो आणि हात कोपरापर्यंत नीट धुता येत नाहीत. हात धुण्याने जीव वाचतात, हे व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ सालीच दाखवून दिले होते. तेव्हा तर रोगजंतूंचा सिद्धान्तही मान्य झालेला नव्हता.

थेंबांचे गणित

सलाईन काचेच्या बाटलीतून दिले जाई. बाटली उलटी टांगायची, नळी जोडायची आणि चिमटा सैल-घट्ट करून थेंबांचा वेग ठरवायचा. हे गणित आम्हाला झोपेतही येत असे. समजा, ५०० मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचे आहे आणि नळीतून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात. एकूण थेंब झाले १०,०००. आठ तासांची मिनिटे ४८०. भागाकार केला, की मिनिटाला सुमारे २१ थेंब. घड्याळ समोर धरून थेंब मोजायचे. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून ‘आठ वाजता इथपर्यंत, नऊ वाजता इथपर्यंत’ अशा खुणा करायच्या. वृद्ध किंवा लहान मूल असले, तर डोळ्यांत तेल घालून पाहायचे. कारण जास्त वेगाने पाणी गेले, तर फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण गुदमरतो.

बाटलीच्या बुचात आणखी एक सुई खुपसलेली असे. ती कशासाठी? तेलाचा डबा आठवा. एकच भोक पाडले, तर तेल अडखळत पडते. दुसरे पाडले, की सरळ धार लागते. काचेची बाटली आकसत नाही, म्हणून सलाईन बाहेर पडेल तेवढी हवा आत यावी लागते. आजची प्लॅस्टिकची पिशवी हवेच्या दाबाने आपोआप चेपत जाते. तिला ती सुई लागत नाही. बाटली उंच टांगण्याचेही कारण आहे. हातापासून एक मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७३ मिलिमीटरइतका होतो. शिरेतील दाब त्याहून पुष्कळ कमी असतो, म्हणून सलाईन आत जाते. बाटली हाताच्या खाली धरली, तर उलट रक्तच नळीत येईल.

दोन तासांनी कूस

सर्वांत अवघड काम कोणते, असे मला विचाराल, तर मी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ सांभाळणे, असे सांगेन. एकाच कुशीवर पडून राहिलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर, खुब्यावर, टाचांवर व्रण पडतात. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे. शरीराचा भार हाडाच्या लहानशा उंचवट्यावर आला, की तिथला दाब वाढतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटरपर्यंतच असतो. बाहेरचा दाब त्याहून बराच अधिक झाला आणि टिकून राहिला, तर त्या चेपल्या जातात, रक्त थांबते आणि त्वचा मरू लागते. तुम्ही-आम्ही झोपेतही कूस बदलतो. बेशुद्ध किंवा पक्षाघात झालेला माणूस ती बदलू शकत नाही. म्हणून दर दोन तासांनी आम्ही दोघी मिळून त्याला वळवत असू. ओली चादर तात्काळ बदलायची आणि सुरकुती पडू द्यायची नाही.

या कामाचे मोल किती, हे एका उदाहरणावरून कळेल. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली भीषण हल्ला झाला. मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. २०१५ साली त्यांचे निधन होईपर्यंत, बेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांचा सांभाळ केला. या काळात परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. एवढ्या वर्षांत त्यांना एकही व्रण पडला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालच्या निकालात आदराने घेतली. यामागे कोणतेही महागडे यंत्र नव्हते. घड्याळ आणि हात होते.

जे नियम चुकीचे ठरले

आता दुसरी बाजू. पाठीचे व्रण टाळण्यासाठी आम्ही हाडांच्या उंचवट्यांवर स्पिरिट चोळत असू आणि खाली रबराची फुगवलेली रिंग ठेवत असू. दोन्ही गोष्टी आज करत नाहीत. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते, आधीच चेपलेल्या जागेला जोराने चोळल्याने इजा वाढते आणि रिंगमुळे मधल्या भागाचा रक्तप्रवाह अडतो. इंग्लंडमधील परिचारिका डोरीन नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्ध रुग्णांचा काळजीपूर्वक अभ्यास करून तो १९६२ साली प्रसिद्ध केला. त्वचेला काय चोळले यापेक्षा कूस वेळेवर बदलली का, हेच निर्णायक आहे, असे त्यातून पुढे आले. रुग्णाची प्रकृती, मनाची जागरूकता, चालणे, हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते चार गुण देऊन धोका ओळखण्याची त्यांची पद्धत पुढे जगभर गेली. हे संशोधन एका परिचारिकेने केले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रुग्णाच्या त्या भागाचे केस वस्तऱ्याने काढायचे, हाही आमचा पक्का नियम. १९७१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की वस्तरा फिरवलेल्या रुग्णांत शेकडा ५.६ जणांच्या जखमा चिघळल्या. वस्तरा न वापरलेल्यांत केवळ ०.६. वस्तऱ्याने पडलेल्या बारीक ओरखड्यांत रात्रभर जंतू वाढतात, हे त्याचे कारण. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे हलू द्यायचे नाही, हा नियमही गेला. १९५२ सालीच सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना खुर्चीत बसवायला सुरुवात केली होती. सतत पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, स्नायू दुबळे होतात.

काही नियम तर निव्वळ शोभेचे होते. उशीच्या अभ्र्याचे तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला हवे, खाटांची सगळी चाके एकाच दिशेला वळलेली हवीत! त्याने रुग्ण बरा झाल्याचे मी कधी पाहिले नाही.

मग खरा नियम आणि पोकळ नियम ओळखायचा कसा? मोजून. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल दिवा घेऊन फिरणारी दयाळू बाई म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. पण त्या पक्क्या संख्याशास्त्रज्ञही होत्या. क्रिमियाच्या युद्धात लढाईतील जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक सैनिक मेले, हे त्यांनी १८५८ साली आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवले. दया हवीच, पण दया कुठे उपयोगी पडली आणि कुठे नाही, हे नोंदीच सांगतात.

करून पाहा

१. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी आपली नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. सात दिवसांचा आलेख काढा. जिना चढल्यावर पुन्हा मोजा आणि ती पूर्ववत व्हायला किती मिनिटे लागतात ते लिहा.

२. औषधाच्या ड्रॉपरने ५ मिलिलिटरचे माप भरायला पाण्याचे किती थेंब लागतात ते मोजा. मग साबणाच्या पाण्याने तोच प्रयोग करा. थेंबांची संख्या का बदलते, ते शिक्षकांबरोबर चर्चा करून ठरवा.

३. घरात आजी किंवा आजोबा अंथरुणाला खिळलेले असतील, तर एका कागदावर दर दोन तासांची वेळ आणि ‘डावी कूस, पाठ, उजवी कूस’ असे रकाने आखून भिंतीवर लावा. घरातल्या प्रत्येकाने कूस बदलली, की तिथे खूण करायची. टाचा आणि माकडहाडाकडे रोज उजेडात नीट पाहा. दाबल्यावरही न जाणारा लालसर किंवा काळसर डाग दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.